खुर्चीमागे उभे राहिलेले बाबा

तुमच्या घरातल्या भिंतीवर जो जुना फोटो टांगलेला आहे, त्यात खुर्चीवर कोण बसलंय? आणि तो बसलाय म्हणून बाकीच्यांनी उभं राहायचं, हे कुणी ठरवलं होतं?

उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती आणि तोंडावर आपटले. म्हणून आधी आमच्या घरातल्या फोटोंबद्दल सांगते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, पण समुद्राकडचं नव्हे. लांज्याच्या अंगाचं, आतलं. भातशेती, कातळ आणि मुंबईला गेलेले पुरुष. माझे बाबा मुंबईत एका छापखान्यात मशीनमन होते. आई, मी आणि धाकटी बहीण गावी. बाबा वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. येताना साबण, फ्रॉक, खारे शेंगदाणे जे काही आणतील ते छापखान्यात वाया गेलेल्या तावांत गुंडाळलेलं असायचं. त्या छापखान्यात पत्रकं छापत. संपाची, पाण्याच्या मोर्च्याची, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची. मला अक्षरं शाळेत कळली, पण वाचायला मी त्या तावांवर शिकले. माझ्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा पत्रकांचीच. गणितावर 'आता माघार नाही', भूगोलावर 'जाब विचारा!'. आमच्या बाई म्हणायच्या, "हिच्या दप्तरातून रोज एक मोर्चा निघतो."

आज मी रत्नागिरीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात स्वतः पत्रकं लिहिते. उद्गारचिन्हं मला जरा जास्तच लागतात. तो दोष माझा नाही, शेंगदाण्यांचा आहे.

तर फोटो. आमच्या वाडीत ज्याला 'खुर्चीचा फोटो' म्हणत, तो प्रकार आधी समजून घ्या. पुरुष मुंबईला, बायकापोरं गावी. पुरुष यायचे ते सणाला, आणि सणाच्या धामधुमीत दोन तासांची एस.टी. धरून रत्नागिरीला स्टुडिओत जायला कुणाला सवड? मग एकत्र फोटो निघायचा कसा? त्यावर रत्नागिरीच्या एका स्टुडिओवाल्यांनी तोड काढली होती. बायकापोरांनी मे महिन्यात यायचं. मधे एक रिकामी खुर्ची ठेवायची. तिच्या भोवती सगळ्यांनी उभं राहायचं आणि फोटो काढायचा. तिकडे मुंबईत नवऱ्याने कुठल्याही स्टुडिओत जाऊन खुर्चीत बसलेला फोटो काढायचा आणि गावच्या माणसाबरोबर धाडायचा. मग हे गृहस्थ कात्रीने नवरा कापून घ्यायचे, रिकाम्या खुर्चीवर चिकटवायचे, कडा ब्रशने सारख्या करायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचे. झालं कुटुंब.

आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत असे फोटो आहेत. एका आजोबांचं डोकं त्यांच्या बायकोच्या डोक्याच्या दुप्पट आहे. दुसऱ्या एका घरात बायकोवर उजेड डावीकडून पडलाय, नवऱ्यावर उजवीकडून, म्हणजे दोघांसाठी दोन वेगळे सूर्य. आमच्या शेजारच्या काकांनी तर कमालच केली. मुंबईच्या स्टुडिओत पुठ्ठ्याची मोटारसायकल होती, ते तिच्यावर बसले आणि तोच फोटो गावी धाडला. त्यामुळे त्यांच्या घरच्या फोटोत ते बायकोपोरांच्या मधे खुर्चीवर बसलेत आणि दोन्ही हात पुढे करून हवेतलं हॅंडल धरलंय. काकी तो फोटो पाहुण्यांना दाखवून सांगायच्या, "हे बघा, हे अजून पोचतायत घरी."

आमच्या मागच्या पडद्यावर तळं, दोन हंस आणि बर्फाचे डोंगर रंगवलेले असत. आरे-वारेचा समुद्र तिथून एका एस.टी.च्या अंतरावर, आणि आम्ही उकाड्यात घामाघूम होऊन बर्फासमोर उभे.

आमच्या घरात असे पाच फोटो आहेत. पाचही आईने एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत, आणि तो डबा तांदळाच्या कणगीत. कोकणात पावसाळ्यात फोटोंना बुरशी येते. तांदूळ ओल ओढून घेतो, हे आईचं शास्त्र. चार फोटोंत बाबा खुर्चीवर बसलेत आणि आई मागे उभी आहे. पाचव्यात आई बसली आहे.

त्या वर्षी मी पाचवीत होते. आमच्या वाडीच्या आणि शाळेच्या मधे एक वहाळ आहे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, पावसात पोराला वाहून नेईल असा. त्यावर दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी साकव घालत. दोन लांब सरळ वासे आडवे टाकायचे आणि वर फळ्या बांधायच्या. हे काम पुरुषांचं. मे महिन्यात लग्नाबिग्नाला मुंबईहून कुणी ना कुणी यायचेच, ते आले की व्हायचं. त्या वर्षी कुणी आलंच नाही. निवडणूक होती आणि छापखाना रात्रंदिवस चालू होता, त्यामुळे बाबांना रजा नव्हती. बाकीच्यांची कारणं वेगवेगळी. वाडीत एकच वाक्य फिरत होतं, "चाकरमानी आले की बघू." रस्त्याचं, विहिरीचं, देवळाच्या कौलांचं, सगळं चाकरमानी आले की बघायचं असायचं. वर्षाचे अकरा महिने आमचं गाव अशा लोकांची वाट बघत जगायचं, जे तिथे राहत नव्हते.

मे संपत आला तेव्हा आई एका सकाळी आठ बायकांना घेऊन रानात गेली. ऐनाचे दोन वासे आदल्या वर्षी तोडून ठेवलेले होते. ते त्यांनी दोर लावून ओढत आणले. वहाळाच्या काठावर आमच्या वाडीतले एक म्हातारे बसले होते. गुडघ्यामुळे मुंबईहून कायमचे परतलेले. ते विडी ओढत सल्ले देत होते.

"अगो, बायकांनी घातलेला साकव तो! पयल्या पुरात जाईल तुमच्यासकट."

आई दोर सोडून त्यांच्याकडे वळली. "गेला तर पुन्यांदा घालू. तुम्ही बसलायत ना, तिथनं उठू नका म्हंजे झालं. मधे मधे येऊ नका."

"तुझ्या घोवाला कळवतो थांब!"

"कळवा की. पोस्टकार्ड माझ्याकडनं न्या."

दुसरा वासा टाकताना दोर सुटला आणि वाशाचं टोक आईच्या पायावर आलं. अंगठ्याचं नख काळं पडलं, पाऊल सुजून टम्म झालं. तरी संध्याकाळी फळ्या बांधून झाल्या. तो साकव पहिल्या पुरात गेला नाही. आख्खा पावसाळा मी त्यावरून शाळेत गेले आणि रोज जाताना त्या म्हाताऱ्यांकडे बघून मुद्दाम जोरात पाय आपटायचे.

साकव घातल्यानंतर चारच दिवसांनी आमचा फोटोचा दिवस होता. आई लंगडत लंगडत आम्हा दोघींना घेऊन एस.टी.त चढली. स्टुडिओवाल्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची मधे ठेवली, फडक्याने पुसली.

"हं, ही मालकांची खुर्ची. वहिनी, तुम्ही मागे. एक हात खुर्चीच्या पाठीवर. पोरी दोन बाजूंना."

आई पुढे गेली आणि खुर्चीवर बसली.

ते हसले. "अहो वहिनी, मालकांची खुर्ची ती."

"मालक मुंबईत आहेत. माझा पाय इथे आहे."

"मग मालकांना बसवू कुठे?"

"ते त्यांना विचारा. त्यांना तोंड आहे."

त्यांनी बराच वेळ वाट बघितली. आई उठली नाही. शेवटी काळ्या कापडात डोकं घालून त्यांनी फोटो काढला. तासाभरात फोटो देणारी दुकानं तेव्हा शहरात आली होती, पण या गृहस्थांचं काम जुन्याच पद्धतीने चालायचं. फोटोत आईचा उजवा पाय दिसतो. पट्टी बांधलेला, चपलेशिवाय, साडीच्या काठातून पुढे आलेला.

त्यानंतर अडीच महिने फोटो तसाच अर्धा पडून राहिला. आईने बाबांना कळवलं होतं की मी बसले आहे, तुम्हांला कुठे लावायचं ते कळवा. बाबांचं उत्तर येईना. वाडीत मात्र बातमी पोचली होती. पाणवठ्यावर एक-दोघी म्हणाल्या, "आता घोवाला काय मांडीवर घेतेस की काय फोटोत?" आई हसण्यावारी न्यायची. पण दर एस.टी.च्या वेळेला ती अंगणात काहीतरी काम काढायची.

गणपतीच्या आधी स्टुडिओतून फोटो आला. बाबा खुर्चीच्या मागे उभे होते. पांढरा हाफ शर्ट, केस विंचरलेले, चेहरा गंभीर, आणि उजवा हात आईच्या खुर्चीच्या पाठीवर. म्हणजे ठेवायचा होता पाठीवर, पण चिकटवताना माप जरा चुकलं. हात खुर्चीच्या दोन बोटं वर, हवेत राहिला.

आईने फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हात जरा वर राह्यला." आणि तांदूळ निवडायला बसली.

मी मोठी झाले, पत्रकं लिहू लागले, तेव्हा या फोटोला मी माझ्या पद्धतीने हाताळलं. रत्नागिरीत बायकांच्या एका सभेत मी त्यावर लेख वाचला. त्यात आई म्हणजे पुरुषी सत्तेची खुर्ची हिसकावून घेणारी पहिली स्त्री होती. साकव म्हणजे मुक्तीचा पूल होता. उद्गारचिन्हं तर किती होती, विचारू नका. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या झाल्या. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "अगो बाय, पाय दुखत होता माझा."

"तेवढंच?"

"सुजलेला गो. उभं राहवत नव्हतं."

त्या दिवसापासून तो लेख मी कुठे वाचला नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. निवृत्त होऊन गावी आले, चार वर्षं शेती केली आणि गेले. मागोमाग त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, मुंबई सोडून गावी आले आणि जुन्या घराचं काम काढलं. नव्या फरशा, नव्या खिडक्या, ओटीवर मोठी भिंत. काका माणूस प्रेमळ. बाबांबरोबर पंधरा वर्षं एका खोलीत राहिलेले. त्यांनी मला फोन केला, "बाय, दादाचा आणि वहिनीचा एकत्र फोटो धाड. मोठा करून ओटीवर लावू. गणपतीला सगळे येतील, बघतील."

मी पाचवा फोटो मोबाइलवर काढून धाडला. अभिमानाने धाडला.

तीन दिवसांनी घरच्या ग्रुपवर एक चित्र आलं. बाबा खुर्चीवर बसलेले. आई मागे उभी. बाबांच्या अंगात कोट. आईचा चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा गुळगुळीत. पाय अर्थातच नाही, कारण ती आता खुर्चीच्या मागे होती. तिचा हात बाबांच्या खांद्यावर अगदी नीट टेकलेला. हंस गेले होते, तिथे गुलाबी आकाश होतं. खाली काकांनी लिहिलं होतं, 'शहरातल्या पोराने कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत करून दिला. दादा आता शोभतो की नाही?' त्याखाली अंगठेच अंगठे. एका चुलतभावाने लिहिलं, 'मोठे काका एकदम साहेब दिसतायत.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ग्रुपवर दीड पान लिहिलं. हा इतिहासाचा खून आहे, माझ्या आईला तिच्या जागेवरून उठवायचा अधिकार तुम्हांला कुणी दिला, वगैरे. पाठवल्यावर ग्रुपवर चिडीचूप. नेहमी सकाळी फुलं धाडणारी मावशीसुद्धा गायब.

काकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. त्यांनी फोन केला.

"वाचलं मी," ते म्हणाले. "चांगलं लिवतेस. तुझ्या बापाने छापलंन असतं."

"काका, तुम्ही—"

"माझं ऐक जरा. तुझा बाप चौतीस वर्षं मशीनपुढे उभा होता. बसायला मनाई. ताव अडकला तर हात जायचा. संध्याकाळी खोलीवर यायचा तेव्हा पाय असे फुगलेले, मी मिठाच्या पाण्यात ठेवायचो. मी, तू नव्हे. पोत्याने पत्रकं छापलंन त्याने, बसून एकसुद्धा नाही. आता म्हटलं, निदान फोटोत तरी बसू दे माझ्या भावाला. यात खून कसला गो?"

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला समोरचा दुष्ट आहे असं गृहीत धरायची सवय असते. समोरच्याने आपल्याच बापाचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवले असतील, ही शक्यता पत्रकात नसते. मी एवढंच म्हणाले, "रविवारी येते. तोवर मोठा करायला देऊ नका."

"फ्रेमवाला सोमवारी येणार हाय," काका म्हणाले. "रविवारी ये, पण आईलाच विचार. ती म्हणेल तसं."

रविवारी गावी गेले. आईला चित्र आधीच कुणीतरी दाखवलं होतं. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी कोण बोलणार? भावजी प्रेमाने करतायत." ती भाजी चिरत होती. मग थांबली. "पण तो आमचा फोटो नाही. आमचा वेगळा होता."

"मग सांग तसं त्यांना."

"काय सांगू? मला बसायचंय आणि त्यांना उभं करा म्हणून सांगू? मेलेल्या माणसाला?"

खरी अडचण तिथे होती. आईने बसणं तिचं होतं, तिच्यापुरतं ती सांगू शकत होती. पण बाबांचं उभं राहणं? ते खुशीने उभे राहिले की जागा उरली नाही म्हणून? स्टुडिओवाल्यांनीच कुठलातरी उभा फोटो मागवून चिकटवला का? बाबा असे विषय बोलत नसत आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. मी त्या उभं राहण्यावर लेख लिहिला, सभा गाजवली, आणि माणूस घरात चार वर्षं समोर बसलेला असताना त्याला एका वाक्याने विचारलं नाही.

आईने कणगीतून डबा काढला. पाच फोटो वर होते, त्यांच्याखाली एक जुना लिफाफा. स्टुडिओ बंद झाला तेव्हा स्टुडिओवाल्यांनी गिऱ्हाइकांची जुनी कात्रणं परत केली होती, ती आईने न उघडता ठेवून दिली होती. मी लिफाफा उघडला. त्यात मुंबईहून वेळोवेळी आलेले बाबा होते. चार बसलेले, कडांनी कापलेले. एक पाचवाही बसलेला होता, न कापलेला. त्या वर्षीचा. म्हणजे बाबांनी नेहमीप्रमाणे बसून फोटो आधीच धाडला होता.

आणि एक उभा.

त्याच्या कडा कापलेल्या होत्या, पण मागचा कागद शाबूत होता. समोर बाबा उभे, पांढरा हाफ शर्ट, उजवा हात कमरेइतक्या उंचीवर पुढे केलेला. हाताखाली काही नाही. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत, परक्या माणसासमोर, माझा बाप हवेवर हात ठेवून उभा राहिला होता. मी फोटो उलटा केला. मागे बाबांचं अक्षर होतं. छापखान्यात प्रुफावर सूचना लिहितात तसं, ठसठशीत आणि खाली रेघ मारलेलं:

'खुर्चीच्या मागे लावणे. बसलेला लावू नये.'

आईने ते दोनदा वाचलं. मग पदराने फोटोवरचा तांदळाचा कोंडा पुसला.

मी विचारलं, "आई, पाय खरंच दुखत होता?"

"दुखत होता गो." ती लिफाफा बंद करत होती. "तशी स्टुडिओत कोपऱ्यात दोन स्टुलं पण होती."

काका ओटीवर फरशीवाल्याशी हुज्जत घालत होते. आईने तो फोटो त्यांच्या हातात दिला. "भावजी, हे बघा. अक्षर ओळखता का?"

काकांनी चष्मा लावला. समोरचं बघितलं, मागचं वाचलं, पुन्हा समोरचं बघितलं.

"हा शर्ट माझा," ते म्हणाले.

"काय?"

"शर्ट माझा हाय हा. त्या दिवशी दादाने अर्ध्या दिवसाचा खाडा केलान. निवडणुकीची धामधूम संपली तरी काम पडलेलं, मालक बोंबलत होता. मला म्हणाला, दाढ दुखते, डॉक्टरकडे जातो, तुझा शर्ट दे. म्हटलं दाढ काढायला इस्त्रीचा शर्ट कशाला?" काकांनी फोटो नाकाजवळ नेला. "खोटारडा! दाढ दुखते म्हणे!"

ते हसायला लागले, आणि हसता हसता ओटीच्या पायरीवर बसले. फरशीवाला दुसरीकडे बघू लागला. आई उभीच होती. मला त्या क्षणी आईबाबा दोघांचाही इतका अभिमान वाटला की मी पहिल्यांदाच काही बोलले नाही. दीड पानाच्या संदेशात जे मला सिद्ध करता आलं नव्हतं, ते बाबांनी दोन ओळींत, उद्गारचिन्हाशिवाय लिहून ठेवलं होतं. बायको बसली आहे हे कळल्यावर माझ्या बापाने तिला उठायला सांगितलं नाही. खाडा केला, भावाशी खोटं बोलला, उसना शर्ट घातला, आणि स्वतःची जागा स्वतः ठरवून पुन्हा फोटो काढून घेतला. आयुष्यभर मशीनपुढे त्यांना उभं राहावं लागलं. इथे ते स्वतःहून राहिले. या दोन उभं राहण्यांत फरक आहे, आणि तो काकांना माझ्याआधी कळला.

"वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "हाच लावू मग. हंसांसकट."

"चालेल."

"पण एक करू. तो हात तेवढा कॉम्प्युटरवर खाली घेऊ. दोन बोटं वर राहिलाय, बरं नाही दिसत."

आईने मान हलवली. "राहू दे भावजी. मुंबईहून एवढा पोचला, पुरे."

सोमवारी फ्रेमवाला आला. फोटो आता ओटीवर आहे, तीन फूट बाय दोन. पाहुणे आले की सगळ्यांत आधी आईच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघतात आणि विचारतात, हे काय. काका सांगतात, साकवापासून सगळं. सांगताना ते वासे दर वेळी एक हात लांब होतात. ग्रुपवर मी काकांची माफी मागितली, तीन शब्दांत. त्यांनी अंगठा पाठवला. मावशीची फुलं दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

आता तुम्हांला विनंती. पत्रकातली नाही, साधी.

आज, नाहीतर या रविवारी, घरातला एक जुना फोटो खाली काढा. त्यात जे माणूस अजून जिवंत आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा. फोटो कुठला, कुठल्या साली काढला, हे विचारू नका. ते कुणीही सांगेल. तू इथेच का उभी आहेस, तू इथेच का बसलायस, हे विचारा. उत्तर साधं असेल. पाय दुखत होता, ऊन येत होतं, कुणीतरी ढकललं. हसू नका. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फोटोच्या मागे लिहा, तुमची भाषा मधे घालू नका. आणि हे लिहून होईपर्यंत त्या फोटोतल्या कुणालाही कॉम्प्युटरवर बसवू नका, उठवू नका, गोरं करू नका.

लिहायला पेन्सिल घ्या. पेनाची शाई आपल्याकडच्या दमट हवेत पुढच्या बाजूला उमटते.